शब्दचर्चा: ‘अनुकंपा’तला कंप

परवा भाचीचा फोन आला. “मावशी, लांबच्या माणसांचे हाल बघून पोटात कालवतं आणि आपल्याला इथून काही करता येत नाही, ह्याला मराठीत एक शब्द सांग ना.” मला वाटलं निबंधाला हवा असेल. बोलता बोलता कळलं, तिला स्वतःसाठीच हवा होता. रोज रात्री मोबाईलवर कुठल्या तरी देशातली पडलेली घरं बघते आणि मग झोप लागत नाही म्हणाली.

मी घाईत ‘हळहळ’ म्हटलं. फोन ठेवल्यावर चुटपुट लागली. शब्द चुकला होता.

हळहळ बसल्या जागची असते. अपघाताच्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलंच, ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’. व्यक्त झाली की संपली. ‘कीव’ नकोच. ‘तुझी कीव येते’ हे आपण भांडणातच म्हणतो. ‘दया’ वरून खाली येते. ‘सहानुभूती’ची घडण चांगली, पण निवडणुकीतल्या लाटांनी आणि ‘सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल’ ह्या उत्तराने तिच्यात काही उरलं नाही. ‘कळवळा’ मला फार जवळचा. पोटात उठते ती कळ, तिच्याने माणूस कळवळतो, त्यातला हा कळवळा. ‘ऐसी कळवळ्याची जाती, करी लाभाविण प्रीती’ असं तुकोबा म्हणतात ते आईच्या मनाविषयी. म्हणूनच असेल, कळवळा म्हटलं की आधी आपलं माणूस डोळ्यांसमोर येतं. भाची विचारत होती ती कधी न पाहिलेल्या माणसांबद्दल.

तिला ‘अनुकंपा’ द्यायला हवा होता.

हा शब्द आपण फायलीत बांधून ठेवलाय. ‘अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती’, ‘अनुकंपाधारकांची प्रतीक्षायादी’, आणि बोलताना नुसतं ‘तो अनुकंपावर लागलाय’. पण फोडून बघा. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, ‘कंप’ म्हणजे थरथर. एक जण थरथरला की त्याच्या मागोमाग दुसऱ्याला कापरं भरणं. भूकंप आणि अनुकंपा ह्यांच्या पोटात एकच कंप आहे. मोठ्या भूकंपानंतर जे छोटे धक्के बसत राहतात त्यांना आपण ‘भूकंपोत्तर धक्के’ असं लांबलचक म्हणतो. नेपाळीत त्यांना ‘पराकम्प’ म्हणतात, आणि २०१५च्या तिथल्या मोठ्या भूकंपानंतर तो पोरासोरांच्या तोंडी बसला. आपल्याकडे त्याला ‘अनुकंप’ म्हटलं असतं तर अनुकंपेचा मूळ अर्थ शाळेतल्या मुलालाही लगेच दिसला असता.

मी औसा तालुक्यातली. आमचं गाव किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ला मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून सगळे दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. ६.२ तीव्रतेचा भूकंप. जगाच्या मानाने तो फार मोठा नव्हे, पण आमच्याकडची घरं दोन-दोन फूट रुंद दगडमातीच्या भिंतींची आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडं टाकून त्यावर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती चढायची, वजन वाढत जायचं. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून वाडवडिलांनी केलेली सोय त्या पहाटे अंगावर आली. जवळपास १०,००० माणसं गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं जागा बदलून नव्याने बांधावी लागली. आमचं अर्धं घर उभं राहिलं.

मग आम्ही ‘पत्र्यात’, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, राहायला गेलो. आमच्याकडे ‘आम्ही पत्र्यात होतो तेव्हा’ म्हटलं की ती वर्षं कळतात, साल सांगावं लागत नाही. बाहेर पाऊस आणि थंडी. एक दिवस कपड्यांचा ट्रक आला. माझ्या वाट्याला एक निळा स्वेटर आला, घरी विणलेला, मला दोन बोटं मोठा. डाव्या कोपराला पिवळ्या लोकरीने रफू केलेलं होतं. आईने ते रफू बोटाने चाचपलं आणि म्हणाली, “कुणीतरी लेकराच्या अंगचं काढून दिलंय.” तो कुठल्या गावाहून आला हे कधीच कळलं नाही. कुण्या बाईने आमची बातमी ऐकली, ट्रंक उघडली, रफू केलेला स्वेटर बाहेर काढला. लातूरचं नाव तिने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असेल.

आता ६ फेब्रुवारी २०२३. दक्षिण तुर्कस्तान आणि उत्तर सीरिया. पहाटे ४ वाजून १७ मिनिटं, तीव्रता ७.८. पुन्हा झोपेतलीच वेळ. एकट्या तुर्कस्तानात ५०,०००हून जास्त माणसं गेली. मी तेव्हा गावी होते. आई मोबाईलवर ढिगारा उपसतानाचा व्हिडिओ बघत होती. तिथले लोक मधेच हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. यंत्रं बंद, गाड्या बंद. मग एक जण ढिगाऱ्यात तोंड घालून ओरडतो, ‘सेसिमी दुयान वार मी?’ माझा आवाज कुणाला ऐकू येतोय का? आणि सगळे श्वास रोखून थांबतात.

वहिनी स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होती. आईने तिथूनच आवाज दिला, “गप बसा की जरा, ऐकू दे त्यांना.”

वहिनीने मिक्सर बंद केला. व्हिडिओ आदल्या दिवशीचा होता, हे तिघींनाही ठाऊक होतं. तरी आतून आवाज येईपर्यंत कुणी हललं नाही. अनुकंपा म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी हे सांगेन. कोशातली व्याख्या नंतर.

ह्या निमित्ताने शब्दांचाही एक धागा हाती लागला. भारताने तिकडे जे पथक पाठवलं त्या मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन दोस्त’. आपल्या आपत्ती दलाच्या जवानांनी नुरदाई भागात ढिगाऱ्यातून एका सहा वर्षांच्या मुलीला जिवंत बाहेर काढलं, ज्युली नावाच्या कुत्रीने तिचा माग काढला होता. लष्कराने इस्केन्देरुनला ३० खाटांचं रुग्णालय उभारलं. दिल्लीतले तुर्की राजदूत तेव्हा म्हणाले होते की ‘दोस्त’ हा शब्द आमच्याकडेही आहे, आणि एक म्हणही आहे: ‘दोस्त कारा ग्युन्दे बेल्ली ओलुर’. दोस्त कोण ते काळ्या दिवशी कळतं.

दोस्त हा मूळ फारसी, तिकडेही गेला आणि आपल्याकडेही आला. तसेच आणखी शोधले तर पडलेल्या घराची अख्खी गोष्टच दोन्हीकडच्या शब्दांत मिळाली. आपली जमीन, त्यांचं ‘झेमिन’. आपलं शहर, त्यांचं ‘शेहिर’. आपली खबर, त्यांचं ‘हाबेर’. आपली मदत अरबी ‘मदद’वरून आलेली, त्यांच्याकडे संकटात ‘इम्दात!’ म्हणून हाक मारतात, धातू तोच. आणि इमारत. उस्मानी काळात ‘इमारेत’ म्हणजे गोरगरिबांना फुकट जेवू घालणारं अन्नछत्र. आपल्याकडे नुसत्या भिंती आल्या, त्यांच्याकडे चूल गेली. त्याच मुळातला ‘इमार’ म्हणजे बांधकाम. २०१८मध्ये तिथे नियमबाह्य बांधकामं दंड भरून नियमित करून देण्यात आली, त्याला लोक ‘इमार आफ्फी’ म्हणतात. इमारतींना माफी! ‘माफ’सुद्धा ह्याच कुटुंबातला. ती माफी किती महाग पडली ते २०२३ला दिसलं. गुंठेवारी आणि अनधिकृत मजले आपल्यालाही माहीत आहेत, म्हणून हा शब्द वाचताना मला आपलाच वाटला.

सगळ्यात सुखावला तो ‘उमेद’. तुर्कीत ‘उमित’. आणि ‘उमेदवार’ त्यांच्याकडे ‘उमितवार’, अर्थ मूळचाच: आशा धरून असलेला. आपण त्याला निवडणुकीत उभं केलं. पण जुन्या मराठीत ‘उमेदवारी करणे’ म्हणजे कुणाच्या हाताखाली बिनपगारी काम शिकत राहणं, हाही अर्थ आहे, आणि तो मला फार आवडतो. आशा लावून बसता येतं. उमेद अंगात असावी लागते, ‘उमेदीची वर्षं’ आपण हातपाय चालतात त्या वर्षांना म्हणतो. भाचीला मी आता सांगणार आहे की तुला जे होतं ते बधिरपण नाही, उलट आहे. तुला कापरं भरतं. १९९३ला कुणालातरी असंच भरलं होतं म्हणून माझ्या अंगावर स्वेटर आला.

तुमच्याकडे ह्या अर्थाने कोणते शब्द बोलतात? कोकणात, विदर्भात, गोव्यात? सांगा.

प्रतिसाद

ताई, ‘अनुकंपा’ आमच्याकडे नागपुरात फायलीतला शब्द नाही हो. आम्ही लहानपणापासून विहारात ऐकतो. बुद्धांनी भिक्खूंना पाठवताना जे सांगितलं त्यात आहे: ‘चरथ भिक्खवे चारिकं बहुजनहिताय बहुजनसुखाय लोकानुकम्पाय’. आकाशवाणीने बोधवाक्य घेतलं ते ‘बहुजनसुखाय’पाशी थांबलं, लगेच पुढचा शब्द ‘लोकानुकम्पाय’. रेडिओवर लांबची बातमी ऐकणाऱ्यांसाठी तो एक शब्द आणखी घेतला असता तर किती बरं झालं असतं. आणि त्याच उपदेशात पुढे आहे की एका वाटेने दोघे जाऊ नका. म्हणजे जितक्या वाटांनी जाता येईल तितक्या वाटांनी जा. ही अनुकंपा चालणारी आहे, बसलेली नाही.

प्रतिसाद

थोडा विरोध नोंदवतो. ‘अनु’ म्हणजे मागोमाग हे बरोबर, पण त्यावरून अनुकंपा बरोबरीच्यांतच असते असं म्हणता येणार नाही. गीतेत दहाव्या अध्यायात ‘तेषामेवानुकम्पार्थम्’ आहे, तिथे देव भक्तांवर अनुकंपा करतो. म्हणजे वरून खालीच. शिवाय ‘कळ’ आणि ‘कळणे’ हे दोन्ही एकच असल्याचं लोक ठोकून देतात. तुम्ही दिलं नाहीत, त्याबद्दल आभार. आणखी एक. सीरियातल्या इदलिबला तुर्कस्तानच्या मानाने मदत किती उशिरा पोचली ते आठवा. कंप सगळीकडे सारखा पोचत नाही.

उत्तर

दादा, गीतेचा दाखला मान्य. शब्द वरूनही वापरला गेलाय हे लिहायला हवं होतं. तरी रूप बघा, ज्याने तो पहिल्यांदा घडवला त्याला वरून दिलेलं काही दिसत नव्हतं, अंगावरचा शहारा दिसत होता. इदलिबचं दुखणं खरं आहे. सीमा बंद, युद्ध चालू, आणि ढिगाऱ्याखालची माणसं वाट बघत राहिली. मिक्सर बंद करून त्यांना काही मिळालं नाही. पण १९९३ला आमच्यापर्यंत जे पोचलं तेही आधी कुणाच्या तरी घरात असंच निरुपयोगी वाटणारं काहीतरी होतं. त्याचा ट्रक कुणीतरी भरला. इदलिबसाठी ट्रक भरले गेले, पण वाट उघडायला उशीर झाला. दोष वाट अडवणाऱ्यांचा.

प्रतिसाद

मी ‘अनुकंपावर लागलेला’ आहे. वडील नोकरीत असताना गेले. कार्यालयात नवीन माणसाला माझी ओळख करून देताना अजून हा शब्द आवाज खाली करून उच्चारतात, आणि मलाही तो इतकी वर्षं अंगावर डाग असल्यासारखा वाटायचा. त्याचा अर्थ कधी बघितलाच नाही. पहिल्या दिवशी मला वडिलांच्याच टेबलावर बसवलं होतं. खणात त्यांच्या चष्म्याचं घर तसंच होतं. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी ते काढून माझ्या हातात दिलं. काकांचा हात थरथरत होता हे मला आज, तुमचं वाचून, आठवलं.

प्रतिसाद

मालवणात आमची आज्जी ‘जीव तुटता’ म्हणायची. शेजारच्या मुलासाठीही आणि रेडिओवरच्या पुरासाठीही. बाकी, त्या निळ्या स्वेटरचं पुढे काय झालं?

उत्तर

‘जीव तुटता’ टिपून ठेवला, धन्यवाद.

स्वेटर माझ्यानंतर धाकट्या भावाने घातला. २६ जानेवारी २००१ला भूजला भूकंप झाला तेव्हा गावात कपडे गोळा करत होते. आईने ट्रंकेतून तो काढला. उजवं कोपर उसवलं होतं. निळी लोकर घरात नव्हती, म्हणून तिने लाल लोकरीने रफू केलं आणि मगच दिला.