पणजोबांचं बडोद्याच्या गायनशाळेतलं रेकॉर्ड कुठे मिळेल?

तंबोरेवाला: माझे पणजोबा १९२० च्या आसपास बडोद्यात दिलरुबा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) शिकले असं घरात सगळे सांगतात, पुरावा म्हणाल तर एक वही, त्यात सरगम आणि मधेच दुधाचा हिशोब. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठाकडे एवढं जुनं काही असेल का?

सूरसागरकाठी: अहो विद्यापीठच १९४९ चं! त्याआधी ती संस्थानची शाळा, महाराज सयाजीरावांनी १८८६ ला काढलेली, गायक मौलाबक्ष तिचे मुख्य. सूरसागर तलावाजवळच आहे, अजून तिथेच शिकवतात. त्यामुळे पणजोबा संस्थानच्या कागदांत शोधा, बडोद्याच्या सरकारी दफ्तरखान्यात. जुने कागद मोडी लिपीत निघाले तर वाचणारा शोधावा लागेल ही वेगळीच कटकट.

कोमलरिषभ: +१. बडोदा संस्थानचे वार्षिक अहवालपण बघा, पण त्यात पोरांची नावं मिळण्याची आशा ठेवू नका. आणि ती वही आधी स्कॅन करा हो!! मौलाबक्षांची स्वतःची नोटेशन (सूर लिहून ठेवायची) पद्धत होती, संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या पद्धतीच्याही आधीची, भातखंड्यांची १९१६ ची संगीत परिषद तर नंतर झाली बडोद्यात. वहीतल्या खुणा कुठल्या पद्धतीच्या आहेत?

तंबोरेवाला: फोटो टाकतो रात्री. दुधाच्या पानासकट :)