सेवेला गेलात आणि तिथेच आजारी पडलात? लिहा

सलाम मंडळी,
परदेशातल्या सेवेहून परतलं की आपण उपासनेत साक्ष देतो. किती घरांत गेलो, किती लेकरांना शिकवलं, सगळं येतं. जुलाब लागून चटईवर पडून होतो, तेवढं मात्र गाळलं जातं. लाज कसली? आपल्या नाशिकच्या शरणपूरच्या मिशन शाळेतली आफ्रिकन मुलं १८६६ मध्ये मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेली. तो १८७३ मध्ये तिथेच ताप आणि हगवणीने खंगून गेला. त्याचा देह किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत इथे शिकलेला जेकब वेनराइट होता. तेव्हा साक्षीत न सांगितलेलं इथे मोकळेपणी लिहा.

निवृत्त परिचारिका, जेलरोड
मालावीला तलावाकाठच्या गावात होतो. पाणी इतकं नितळ, की आपल्या गोदेच्या गंगाघाटावरून गेलेल्या माणसाला मोह होणारच. पोरं रोज संध्याकाळी डुंबायची. परत आल्यावर बऱ्याच आठवड्यांनी त्यातल्या एकाची आई माझ्याकडे आली: पोराच्या लघवीत रक्त. डॉक्टरांनी मुतखडा धरून सोनोग्राफी केली होती, खडा काही सापडेना. मी विचारलं, "मालावीचं सांगितलंत का?" तर म्हणे, "ते कशाला, तो तर इथे आल्यावर आजारी पडला!"
तिथल्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बारीक जंत बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्याच्या कातडीतून आत शिरतात. बिलहार्झिया म्हणतात. त्रास उशिरा सुरू होतो, म्हणून कोणाला दुवा लागत नाही. लघवी दुपारच्या सुमारास तपासायला द्या म्हटलं, कारण अंडी त्या वेळी जास्त सापडतात. सापडली. प्राझिक्वान्टेलच्या गोळ्यांनी पोरगा बरा झाला. आता मंडळीतलं कोणीही परदेशाहून आलं की मी आधी पाण्याचं विचारते, मग सेवेचं. हसतात मला.

सिडको
नेपाळ, साडेतीन हजार मीटरच्या वरचं गाव. रात्री डोकं फुटायला आलं, उलट्या सुरू झाल्या आणि सकाळी पाय भलतीकडेच पडायला लागले. गटाने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, अगदी मनापासून, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यातलेच एक म्हणाले, "विश्वास धर भाऊ, उद्या वरच्या गावात उपासना आहे." तिथले म्हातारे नेपाळी पाळक आले. मला जमिनीवरच्या फळीच्या कडेने चार पावलं चालायला लावलं. मी दुसऱ्याच पावलाला कलंडलो. "आत्ताच्या आत्ता खाली," ते म्हणाले, "प्रार्थना उतरता उतरता करू." दोघांच्या खांद्यावर हात टाकून उतरलो. खालच्या गावात पोचेपर्यंत डोकं हलकं व्हायला लागलं होतं. विरळ हवेचा त्रास मेंदूपर्यंत गेला की खाली उतरणं हाच पहिला इलाज, हे मला नंतर कळलं. त्या पाळकबाबांना आधीपासून ठाऊक होतं.

देवळाली कॅम्प
केनियाहून ऐन श्रावणात आलो. सोबतच्या भावाने मुंबईला उतरताच डॉक्सीसायक्लिन बंद केलं, "आता प्रभू राखील" म्हणून. राखणारा राखतोच, पण ती गोळी मलेरियाच्या भागातून निघाल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. त्याला ताप भरला. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हणजे डेंग्यू नाही तर टायफॉइड, त्याच तपासण्या झाल्या. वहिनींनी केनियाचं नाव काढलं तेव्हा कुठे रक्ताची पट्टी पाहिली. फाल्सिपेरम निघाला, म्हणजे मलेरियाचा जिवावर बेतणारा प्रकार. आणखी थोडं लांबलं असतं तर अवघड होतं.

महिला मंडळातली एक, पंचवटी
फिलिपाइन्समध्ये मला डेंग्यू झाला. कोणीतरी ब्रुफेन पुढे केली, तर ज्यांच्या घरी उतरले होते त्या बाईंनी ती हातातून काढूनच घेतली, फक्त पॅरासिटामॉल. ताप उतरला तशी आमची सगळी हुश्श करायला लागली. बाई मात्र त्याच दिवशी मला दवाखान्यात घेऊन गेल्या. ताप जातो तेव्हाच रक्तदाब घसरायची भीती असते, त्यांच्या शेजारी असं झालं होतं. रात्री लुगाव दिलं, म्हणजे आपली भाताची पेजच, वर आल्याच्या बारीक काड्या. त्यांच्या लेकरांना शिकवायला गेले होते मी, आणि माझ्यासाठी त्यांनी आपली टपरी बंद ठेवली. पैसे घेतले नाहीत, साबण तेवढा घेतला.

युवक संघ, नाशिकरोड
मी युगांडाला चाललोय. हे सगळं आईला वाचून दाखवू का?

निवृत्त परिचारिका, जेलरोड
दाखव की. आणि पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घे, नंतर नको. सरकारने ठरवलेल्या केंद्रांतच मिळते. तो पिवळा दाखला पासपोर्टबरोबरच ठेव, नाही तर परत येताना विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतील. आणि ओआरएसची पाकिटं इथूनच ने बाळा.