गर्श्विन, रॅव्हेल आणि द्वोर्झाक एकाच मैफलीत: काय आणि कसे ऐकावे?

मारवाप्रेमी (न्यू जर्सी):

पुढच्या महिन्यात येथील एका वाद्यवृंदाच्या मैफलीची तिकिटे काढली आहेत. पूर्वार्धात जॉर्ज गर्श्विन यांची 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू' आणि मॉरिस रॅव्हेल यांचा जी मेजरमधला पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), तर मध्यंतरानंतर आंतोनिन द्वोर्झाक यांची नववी सिम्फनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना), असा कार्यक्रम आहे. सोबत पुण्याहून आलेली आई असेल. तिने आयुष्यभर ख्याल ऐकला आहे, पण पाश्चात्त्य वाद्यवृंद ती प्रथमच समोर बसून ऐकणार आहे. पहिल्या दोन रचनांवर जॅझचा प्रभाव आहे असे सगळीकडे वाचायला मिळते. तो नेमका कोठे ऐकू येतो, हे मात्र कोणी सांगत नाही. जॅझचा प्राण उपजेत, म्हणजे आयत्या वेळी सुचलेल्या वादनात, असेल आणि येथे प्रत्येक वादकासमोर लिहिलेला कागद असेल, तर त्यात जॅझचे काय उरते? आणि जोडीला १८९३ सालची सिम्फनी का ठेवली असावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

कोमल निषाद:

आपल्या आईंना बहुधा आपल्याआधी उलगडा होईल. ब्लूज या जॅझच्या मुळाशी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी गानप्रकारात शुद्ध गंधाराच्या ('ग'च्या) जागी अनेकदा कोमल (किंचित उतरा) गंधार येतो, निषादाचेही ('नि'चेही) तसेच होते, आणि गायक किंवा ट्रम्पेटवादक हे स्वर घसरत, किंचित चढे-उतरे लावतात. पियानोला मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, जमत नाही. हार्मोनियमसारखीच त्याचीही अडचण आहे. त्यामुळे पियानोसाठी लिहिणारे रचनाकार दोन्ही गंधार अगदी लागून किंवा एकाच वेळी वाजवायला लावतात, आणि त्या घर्षणातून घसरणीचा भास निर्माण होतो. जोग रागात दोन्ही गंधार ऐकण्याची सवय असलेल्या कानाला ही जागा लगेच सापडते.

'ऱ्हॅप्सडी'चा आरंभ एकट्या क्लॅरिनेटने होतो. गर्श्विन यांनी तेथे एक कंपित स्वर आणि त्यानंतर चढत जाणारी सुट्या स्वरांची ओळ लिहिली होती. तालमीच्या वेळी रॉस गॉर्मन या वादकाने ती ओळ सलग घसरत वर नेली, गर्श्विन यांना ती अतिशय आवडली, आणि तेव्हापासून ती तशीच वाजवली जाते. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमन यांच्या बँडने ही रचना प्रथम सादर केली, तेव्हा पियानोवर स्वतः गर्श्विन होते आणि त्यांचा सगळा भाग कागदावर उतरलेलाही नव्हता. एके ठिकाणी तर त्यांनी मान हलवून खूण केल्यावरच बँडने पुन्हा सुरू करायचे, असे ठरलेले होते. आज जे लिखित स्वरूपात मिळते त्याच्या मुळाशी उपज होती, एवढे नक्की.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. वाद्यवृंदासाठीची मांडणी (कोणत्या वाद्याने काय वाजवायचे ते ठरवणे) गर्श्विन यांची नसून फर्डी ग्रोफे यांची आहे, आणि तीही एकच नाही. मंचावर बँजो दिसला आणि व्हायोलिनवादक मोजकेच असले, तर ती १९२४ ची मूळ मांडणी समजावी. तंतुवाद्यांचा भरगच्च ताफा असेल तर १९४२ सालची. मला मूळ मांडणी अधिक आवडते. तिच्यात प्रत्येक वाद्याची धार वेगळी ऐकू येते. मोठ्या मांडणीत ती बरीच बोथट होते.

षड्जपंचम:

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. 'ऱ्हॅप्सडी'ला जॅझ म्हणू नये असे मला आग्रहाने वाटते, कारण तसे म्हटल्याने त्याच काळात त्याच शहरात कृष्णवर्णीय वादक जे संगीत घडवत होते ते झाकले जाते. फ्लेचर हेंडरसन यांचा बँड तेव्हा न्यूयॉर्कमध्येच होता, आणि १९२४ च्याच शरद ऋतूत लुई आर्मस्ट्राँग त्यात दाखल झाले. गर्श्विन यांनी त्या संगीताचे स्वर आणि लयीचे झटके उचलले, पण इमारत बांधली ती मैफलीच्या संगीताची. ती सुंदर आहे, यात शंका नाही.

रॅव्हेल यांची गोष्ट निराळी आहे. १९२८ च्या अमेरिका दौऱ्यात ते गर्श्विन यांना भेटले आणि जॅझही त्यांनी प्रत्यक्ष ऐकले, परंतु ब्लूजची ओढ त्यांना त्याआधीपासूनच होती. त्यांच्या व्हायोलिन सोनाटाच्या (व्हायोलिन आणि पियानो यांच्यासाठीच्या रचनेच्या) मधल्या भागाचे नावच 'ब्लूज' आहे. हा कॉन्चेर्तो १९३२ मध्ये पॅरिसला प्रथम वाजला, तेव्हा पियानोवर मार्गरीत लाँ होत्या आणि संचालन स्वतः रॅव्हेल यांनी केले. पहिला भाग दोन फळ्या एकमेकींवर आपटून काढलेल्या चाबकाच्या फटक्याने सुरू होतो. थोड्या वेळाने गती उतरते आणि पियानो एक आळसावलेली धून घेतो. ब्लूज तेथे ऐकावा.

मात्र खरा ठेवा दुसऱ्या भागात आहे. कितीतरी वेळ पियानो एकटाच वाजत राहतो आणि वाद्यवृंद स्वस्थ बसून असतो. तेव्हा दोन हात वेगवेगळे ऐकण्याचा प्रयत्न करावा. आवर्तन सहा मात्रांचे मानले, तर डावा हात ते दादऱ्यासारखे तीन-तीन असे तोडतो आणि उजव्या हाताची चाल दोन-दोन-दोन अशी जाते. हा संथ ताण पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकवायचा म्हणजे वादकाची परीक्षाच असते. पुढे तीच धून इंग्लिश हॉर्न हे वाद्य घेते, आणि पियानो तिच्याभोवती बारीक नक्षी विणत राहतो.

द्वोर्झाक यांच्या सिम्फनीचा दुसरा भागही इंग्लिश हॉर्ननेच गाजवला आहे. माझ्या मते या दोन रचना एकत्र ठेवण्याला एवढे कारणही पुरेसे आहे, पण त्याहून मोठे कारण आहे. द्वोर्झाक १८९२ पासून न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे प्रमुख होते. तेथील हॅरी बर्ली या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने त्यांना आपल्या समाजाची भक्तिगीते गाऊन दाखवली, आणि अमेरिकेचे भावी संगीत याच गीतांच्या पायावर उभे राहावे असे द्वोर्झाक यांनी जाहीरपणे सांगितले. सिम्फनीच्या दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्नची ती प्रसिद्ध धून मात्र लोकगीत नाही, त्यांची स्वतःची आहे. तिला गीताचे शब्द १९२२ मध्ये त्यांच्या एका शिष्याने जोडले. गर्श्विन यांच्या तीस वर्षे आधी ही दिशा कोणी दाखवली, ते या कार्यक्रमातून कानांना कळते.

मारवाप्रेमी:

दोघांचेही मनापासून आभार. आईला दोन गंधारांचे सांगितले, तर तिने लगेच 'ऱ्हॅप्सडी' लावायला सांगितली. टाळ्या कधी वाजवाव्यात, आणि आधी कोणते ध्वनिमुद्रण ऐकावे, हेही कृपया सांगावे.

मंद्रसप्तक:

'ऱ्हॅप्सडी' सलग आहे. कॉन्चेर्तोचे तीन आणि सिम्फनीचे चार भाग आहेत. मधल्या विरामांत टाळ्या न वाजवण्याचा प्रघात आहे. सिम्फनीचा अखेरचा स्वरमेळ विरत जातो, तेव्हा संचालकांचे हात खाली येईपर्यंत थांबावे. जागा निवडता येत असेल तर प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूची घ्यावी, म्हणजे पियानोवादकाची बोटे दिसतात.

ध्वनिमुद्रणांपैकी प्रथम 'ऱ्हॅप्सडी'चे व्हाइटमन यांचे जून १९२४ चे ऐकावे. त्यात गर्श्विन आणि गॉर्मन दोघेही आहेत. तबकडीच्या मर्यादेमुळे रचना बरीच कापलेली आहे आणि आवाज जुनाट आहे, पण लय इतकी चपळ आणि खट्याळ आहे की नंतरची बहुतेक वादने तिच्यापुढे जड वाटतात. त्यानंतर लिओनर्ड बर्नस्टाइन यांचे १९५९ चे ऐकावे. त्यात पियानो आणि संचालन दोन्ही त्यांचेच आहे. रॅव्हेलसाठी पियानोवादक मिकेलांजेली यांचे १९५७ चे ध्वनिमुद्रण घ्यावे, आणि आईंना त्यातला दुसरा भाग आधी ऐकवावा.