कचरा निवडायला जागा कुठाय?
कचरा प्रक्रियेचे प्लांट वाढवले की कचऱ्याचा प्रश्न सुटेल असं काहीजण म्हणतात, पण पुण्यात अर्धं काम दारातच होतं. 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, २००८ साली पालिकेशी करार होऊन उभी राहिली, त्यातल्या बायका घरोघरचा कचरा उचलतात आणि पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढून भंगारात विकतात, तेवढा माल डेपोवर जातच नाही. पण हे निवडायचं कुठे? बऱ्याच ठिकाणी फूटपाथवर नाहीतर पुलाखाली, पाऊस आला की पुठ्ठा भिजून भाव पडलाच. टॉवरला पार्किंगचे मजलेच्या मजले मंजूर होतात, मग डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) प्रभागाला एक पत्र्याची शेड आरक्षित करायला काय जातंय? (आणि ते आरक्षण नंतर उठवू नका म्हणजे झालं.) ज्यांच्या गावांत पुण्याचा कचरा डेपो झाला त्या उरुळी-फुरसुंगीवाल्यांनी आपला न निवडलेला, मिक्स कचरा वर्षानुवर्षं सोसलाय हो.