मदत हवी आहे: ताईला माफ कसं करू?

नमस्कार. बाबांच्या तेराव्याला सगळे पानावर बसलेले असताना ताई मला म्हणाली, "तू वेळेवर दवाखान्यात नेलं असतंस तर बाबा आज असते." माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. कुणीच काही बोललं नाही. बाबांचं पथ्यपाणी, औषधं, रात्रीची जागरणं सगळं मीच केलं होतं. ताई नाशिकला होती.

आता यंदा गौरी-गणपतीला दोघींनी एकत्र असावं अशी आईची इच्छा आहे. ताईने आजवर चकार शब्दाने माफी मागितलेली नाही. तिचा फोन आला तरी छातीत धडधडतं.

"सोडून दे" असं सगळे म्हणतात, पण सोडायचं कसं? रॉबर्ट एनराइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांची मांडणी वाचली. आधी स्वतःचा राग मान्य करायचा, मग क्षमेचा निर्णय घ्यायचा. माफ केलं म्हणजे झालं ते बरोबर होतं असं नाही, आणि नातं पुन्हा जोडायलाच हवं असंही नाही. हे फार पटलं. मी मात्र रागापाशीच अडकले आहे.

आळंदीजवळ मरकळला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात, शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं अशी भावना मनात आणणारं ध्यान, शिकवतात. मन इतकं हळवं असताना जावं, की आधी समुपदेशकांना भेटावं? कोथरूड-कर्वेनगर भागात मराठीतून बोलणारं कुणी अनुभवाने माहीत असेल तर कृपया कळवा. आणि समोरच्याने माफी न मागताही ज्यांनी माफ केलं, ते सणावाराला समोरासमोर आल्यावर काय बोलले, हेही सांगाल का?