सल्ला हवा: वापरलेली ९११ कॅरेरा एस की एएमजी जीटी एस?

कोथरूडचा_पाहुणा

मंडळी, दोन गाड्यांवर येऊन थांबलोय. दोन्ही वापरलेल्या, किंमत जवळपास सारखीच.

पहिली: पोर्शे ९११ कॅरेरा एस, २०१७ (९९१.२ पिढी), पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), मुंबई पासिंग, २३,००० किमी, दोन मालक.
दुसरी: मर्सिडीज-एएमजी जीटी एस, २०१६, हरियाणा पासिंग, ११,५०० किमी, एक मालक.

वापर: पुण्यात आठवड्यातून दोन-तीनदा, महिन्यातून एखादी महाबळेश्वर किंवा कोकण फेरी. घरी आठ वर्षांची मुलगी आहे. पार्किंग तळघरात, रॅम्प चांगलाच उभा. अश्वशक्ती आणि शून्य ते शंभर तोंडपाठ आहे, ते नको. कुठे पाहायचं, काय बिघडतं, पैसे कुठे जातात, ते सांगा.

टॉर्कराव

आकडे नकोत म्हणता, पण दोन घ्याच: १८०८ आणि १९३९. आरसे सोडून दोन्ही गाड्यांची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जीटी एस तेरा सेंटिमीटर जास्त रुंद आहे, शिवाय तिच्यात चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसतो. समोर लांबलचक बॉनेट, आणि ते कुठे संपतं ते दिसत नाही. पेठेतल्या गल्लीत वळताना हे रोज जाणवेल.

दुसरं म्हणजे जीटी एसला सीटाच दोन. ९११ची मागची सीट मोठ्या माणसाला शिक्षा आहे, आठ वर्षांच्या मुलीला पुरते. तिघं मिळून निघणार असाल तर चर्चा इथेच संपते. दोघंच जाणार असाल तर मात्र सामानाला जीटी एस बरी: मागच्या झाकणाखाली ३५० लिटर. ९११च्या पुढच्या डिकीत १४५, बाकी सगळं मागच्या सीटवर.

रॅम्पचं अंदाजाने ठरवू नका. विकणाऱ्याकडे गाडीच्या मधल्या पोटाखालची उंची टेपने मोजा आणि त्यातून २० मिमी वजा करा (माणसं बसल्यावर आणि स्प्रिंग दबल्यावर तेवढी जाते). दोन काठ्या घ्या, दोन्हींवर त्या उंचीला खूण करून सुतळी ताणून बांधा. काठ्यांमधलं अंतर व्हीलबेसएवढं (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर): ९११साठी २४५० मिमी, जीटी एससाठी २६३०. रॅम्प जिथे सपाट जमिनीला मिळतो त्या उंचवट्यावरून हा सांगाडा हळूहळू सरकवा. सुतळी टेकली तर गाडी टेकणार. व्हीलबेस जितका लांब तितकं पोट लवकर टेकतं, त्यामुळे इथे जीटी एसची बाजू पडती.

नाकाचा हिशेब वेगळा, तो रॅम्पच्या पायथ्याशी करायचा. ९९१.२ला पुढचा भाग उचलणारी हायड्रॉलिक सोय पर्याय म्हणून मिळायची, ती नाक ४० मिमी वर घेते. जाहिरातीवर जाऊ नका, गाडीत बटण आहे का बघा आणि दोन-तीनदा वर-खाली करून पाहा.

तेलपाणी

९११ पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि विकणाऱ्याला आधीच बजावा की इंजिन चालू करून ठेवायचं नाही. गार इंजिनच खरं बोलतं.

१. पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून टॉर्च मारा. आत रेडिएटर, आणि त्याच्या पुढे एसीचा कंडेन्सर. तिथे पालापाचोळा साचतो, पावसात कुजतो, ओल धरून राहतो आणि कंडेन्सरच्या पत्र्या खातो. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. पांढरी भुकटी किंवा तेलकट डाग दिसला तर एसीचं काम जवळ आलंय. बंपर उतरवून साफसफाई करणं हे दरवर्षीचं काम आहे, पण कुणी करत नाही.

२. इंजिनखाली कूलंटचे वाळलेले गुलाबी ओघळ. असले तर वॉटर पंपापासून शोध सुरू करा.

३. स्पार्क प्लग चार वर्षांनी बदलायचे, किमी कितीही कमी असोत. या टर्बो इंजिनात त्यासाठी मागचा बंपर आणि आजूबाजूचे भाग खोलावे लागतात, म्हणून पुष्कळ मालक ते पुढे ढकलतात. बिलात 'प्लग' हा शब्द शोधा. २०१७च्या गाडीत तो किमान एकदा सापडलाच पाहिजे.

४. पीडीकेत दोन वेगळी तेलं असतात. क्लचच्या बाजूचं तेल ६ वर्षांवर येतं, गिअरचं बरंच नंतर. 'गिअरबॉक्स ऑइल बदललं' एवढ्यावर समाधान मानू नका, कोणतं ते विचारा.

५. अधिकृत केंद्रात संगणक लावून इंजिनचे एकूण तास काढा. मीटर मागे घेतलाय का, हे त्यातून कळतं. २३,००० किमीला ९२० तास असतील तर सरासरी २५ किमी प्रतितास, शहरी गाडीला शोभेल अशी. १,८०० तास निघाले तर सरासरी १३च्याही खाली येते. मग एकतर गाडी सिग्नलवरच म्हातारी झालीय किंवा मीटरला कुणाचा तरी हात लागलाय. जास्तीच्या आरपीएमच्या नोंदीही त्याच अहवालात येतात, पण त्यांचं महत्त्व हाताने गिअर टाकायच्या गाडीत जास्त. पीडीके चुकीचा खालचा गिअर घेऊच देत नाही.

सिलिंडरवर ओरखडे पडण्याची भीती ९११च्या नावाने सर्रास घातली जाते. तो मुद्दा जुन्या इंजिनांचा. ९९१.२च्या ३ लिटर टर्बो इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर प्लाझ्माने लोखंडाचा थर दिलेला असतो, त्यामुळे ती धास्ती इथे घेऊ नका.

केंद्राची १११ मुद्द्यांची तपासणी करून घ्या आणि गाडी वॉरंटीत बसते की नाही, हे लेखी मागा. तोंडी 'बसेल साहेब' चालणार नाही.

व्ही_आठ

सगळे ९११च्याच बाजूने बोलणार हे माहीत होतं. जीटी एस म्हणजे नुसती आवाजाची गाडी नव्हे. इंजिन पुढच्या आसाच्या मागे, गिअरबॉक्स थेट मागच्या आसावर, मध्ये कार्बन फायबरचा शाफ्ट. वजन पुढे ४७, मागे ५३ टक्के. आंबेनळी घाटात वळणातून बाहेर पडताना ६५० न्यूटन-मीटर कमी आरपीएमलाच हाताशी असतात. चाकणमध्ये मर्सिडीजचा कारखाना असला तरी ही गाडी तिथली नाही, पूर्ण आयात आहे. त्यामुळे सुटे भाग बाहेरून येतात आणि थांबावं लागतं.

पाहायचं काय: या व्ही-८चे दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन ओळींच्या मधल्या खाचेत बसतात. टर्बोला इंजिनाचा गरम वायू लगेच मिळतो, पण सगळी उष्णता तिथेच कोंडते. ट्रॅफिकमध्ये वापरलेल्या गाडीत त्या भागातल्या रबरी नळ्या आणि वायरींची वेष्टणं कडक होतात. आच्छादन काढून हाताने दाबून पाहा. कडकडली तर बदलायची.

गिअरबॉक्सची परीक्षा गार गाडीत होत नाही. ४० मिनिटं चालवा, मग गर्दीत रांगत न्या आणि शेवटी चढावर रिव्हर्स घ्या. क्लच थरथरला किंवा झटका देऊन पकडला तर तिथेच थांबा.

११,५०० किमी म्हणून खूश होऊ नका. उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसते, व्होल्टेज पडलं की असंबद्ध त्रुटी नोंदल्या जातात. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा, त्रुटी पुसा, गाडी फिरवा आणि मग पुन्हा वाचा. परत आलेल्या त्रुटी खऱ्या.

बॉडी जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची, पण मागचं झाकण पोलादी. म्हणजे चुंबक तिथेच चिकटेल. रंगाची जाडी मोजायचं यंत्र ॲल्युमिनियमवर चालणारं घ्या. साधारण १०० ते १५० मायक्रॉन मूळ रंग, २५०च्या वर गेलं की पुन्हा रंगवलंय. अपघात झालेली ॲल्युमिनियमची चौकट नाक्यावरच्या गॅरेजात सरळ होत नाही.

पासिंगवाला

हरियाणाची गाडी स्वस्त वाटते ती इथला कर भरेपर्यंत. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. महाराष्ट्रात आयात गाडीला कराचा दर २० टक्के. वरची मर्यादा २० लाख होती, जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. वयानुसार रक्कम कमी होते, पण ती किती हे आरटीओत आधी काढून आणा आणि तेवढे पैसे सौद्यातून वजा करूनच बोला. तिकडे भरलेल्या कराचा परतावा तिकडूनच मागायचा असतो. तो मिळेल असं धरून हिशेब करू नका.

कागद: मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नव्या नंबरासाठी २७, मालकी बदलायला २९ आणि ३०. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही, मग विकणारा कितीही ओळखीचा असो.

विमा कंपनीला झिरो डेप (भागांची घसारा न कापता भरपाई) या वयाला देतात का, हे खरेदीआधी विचारा.

कोथरूडचा_पाहुणा

टॉर्कराव, सुतळीची युक्ती भारी! टायर आणि पेट्रोलबद्दल कुणी सांगेल का? जीटी एसचे टायर 'अगदी नवे दिसतात' असं विकणारा म्हणतोय.

तेलपाणी

दिसण्यावर जाऊ नका. टायरच्या बाजूला डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात: ३४१६ म्हणजे २०१६चा ३४वा आठवडा. असे निघाले तर नक्षी कितीही खोल असली तरी रबर कडक झालेलं असतं आणि ओल्या घाटात धरत नाही. चारही टायरांचे पैसे किमतीतून कापा. ९११ला 'एन' खुणेचे, म्हणजे पोर्शेने मान्य केलेले (पुढे २४५/३५, मागे ३०५/३०, दोन्ही २० इंची), आणि पुढे-मागे वेगवेगळ्या पिढीचे एन मिसळू नका. जीटी एसला पुढे १९ इंची २६५/३५, मागे २० इंची २९५/३०. ९११चे मागचे टायर आतल्या कडेने आधी झिजतात, म्हणून हात आत घालून चाचपा.

९११च्या चाकाचे बोल्ट १६० न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्याने. पंक्चरवाल्याची हवेची गन लावू देऊ नका. तसंही स्टेपनी दोन्हींत नाही, फक्त सीलंटची बाटली, आणि तिलाही मुदत असते. खड्ड्यात टायरची भिंत फाटली तर सीलंट निरुपयोगी, म्हणून रस्त्यावरची मदत घेताना 'फ्लॅटबेड' लिहून घ्या.

पेट्रोल: दोघींनाही ९८ ऑक्टेन हवं आणि दोघींची इथेनॉलची मर्यादा १० टक्के, पंपावरचं साधं पेट्रोल आता २० टक्क्यांचं. पुण्या-मुंबईत एक्सपी१०० (इंडियन ऑइलचं १०० ऑक्टेन पेट्रोल) मिळतं, ते विनाइथेनॉल म्हणून विकलं जातं, जवळपास दीडपट महाग. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा तरी टाकीत तेच असू द्या.

व्ही_आठ

ब्रेक राहिलेच. ९११ला पिवळे कॅलिपर (डिस्कला चिमटणारा ब्रेकचा भाग) किंवा जीटी एसला सोनेरी दिसले तर डिस्क सिरॅमिक समजा. एक डिस्क बदलायची वेळ आली की लोखंडी डिस्कचा अख्खा संच स्वस्त वाटेल. कडेला टवका उडालाय का ते नखाने पाहा, आणि चाक काढताना ते डिस्कवर आपटू देऊ नका. लोखंडी असतील तर किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटर लावून ताडून बघा.

द्रुतगती मार्गावर मर्यादा १०० आहे, हे दोन्ही गाड्यांना सारखंच लागू. ;)

कोथरूडचा_पाहुणा

मुलीमुळे मन ९११कडे झुकतंय. पण विकणारा म्हणतो, तपासणी टोकन दिल्यावरच.

पासिंगवाला

द्या, पण छोटं आणि बँकेतूनच. पावतीवर चॅसी नंबर, मीटरचा आकडा आणि हे एक वाक्य त्याच्या सहीने घ्या: 'अधिकृत केंद्राच्या तपासणीत दोष निघाल्यास किंवा इंजिनचे तास मीटरशी न जुळल्यास टोकन सात दिवसांत पूर्ण परत.' सहीला का-कू केली तर तासांचा अहवाल काय येणार, ते त्याला आधीच ठाऊक आहे.