सगळं खापर गाड्यांवर नको

कुणी म्हणतं, गाड्या वाढल्या म्हणून देशाची हवा बिघडली. नायट्रोजन ऑक्साइडपुरतं ठीक, पण सल्फर डायऑक्साइडचं, म्हणजे इंधनातलं गंधक जळून होणाऱ्या वायूचं, गणित वेगळं आहे. एप्रिल 2020 पासून बीएस-6 (वाहनांच्या प्रदूषणाचं भारतीय मानक) इंधनात गंधक दशलक्षात 50 भागांवरून 10 वर आलं. म्हणजे गाड्यांतून तो थोडाच; देशातला हा वायू येतो मुख्यतः कोळशाच्या वीजकेंद्रांतून. चिमणीआधी धुरावर चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारला की गंधक जिप्सम होऊन खाली बसतं; तंत्र जुनंच आहे. डिसेंबर 2015 मध्ये वीजकेंद्रांसाठी या वायूच्या मर्यादा ठरल्या, मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना या मर्यादांतून चक्क सूट! आपल्या कोळशात गंधक कमी, हा युक्तिवाद. पण जाळतो किती, तेही बघा की. चीनने धूर धुणारी हीच यंत्रं बसवून कोळसा जाळत असतानाच या वायूचं उत्सर्जन उतरवलं.